अकरामध्ये माणसं गोड होतात

१

सकाळी सात वाजता रात्रीच्या नर्सेस दिवसाच्या नर्सेसच्या हाती वॉर्ड देत, तेव्हा एक शब्द कुणी उच्चारायचा नाही असा रिवाज होता. तो शब्द म्हणजे ‘शांत’. रात्र कशी गेली, तर ‘गेली’. फार तर ‘बरी गेली’. शांत म्हटलं की तासाभरात खाली अपघाताची गाडी येऊन उभी राहते, यावर सगळ्यांचा विश्वास होता. व्हर्ना कोस्टिकचा नव्हता, पण तीही तो शब्द टाळायची. इतरांचं मन कशाला मोडा, असं म्हणायची.

बाकीही रिवाज होते. छळणारा पेशंट एकदाचा घरी गेला की त्याचं नाव तोंडावर आणायचं नाही. आणलं तर आठवडा संपायच्या आत परत येतो. कुणी वारलं की खिडकी बोटभर उघडायची, बाहेर उणे पस्तीस असलं तरी. आणि ज्याचा काही भरवसा नाही, त्याच्या चादरीच्या पायाकडच्या कोपऱ्याला गाठ मारायची. गाठ आहे तोवर माणूस जात नाही. निदान आपल्या ड्युटीत तरी नाही. फिलिपिन्सहून सस्कॅचवान प्रांतातल्या त्या गावात येऊन दहा वर्षं झालेली मारिविक ही गाठ एका हाताने मारायची, दुसऱ्या हाताने पेशंटची नाडी बघत.

आणि मग अकरा नंबरची खोली.

कॉरिडॉरच्या टोकाला डाव्या हाताची. एकाच पलंगाची, मोठ्या खिडकीची, पार्किंगपलीकडे बर्फाखाली गेलेली शेतं दिसणारी. वॉर्डातली सगळ्यात चांगली खोली खरं तर. तिथे कधी काय घडलं होतं म्हणून विचारावं, तर काहीच घडलेलं नव्हतं. तरी तिथे ड्युटी लागली की प्रत्येकीला आधी दुसरं काम आठवायचं.

एका रविवारी व्हर्नाने जुनी रजिस्टरं काढून दहा वर्षांचे मृत्यू खोलीवार मांडले. अकरापेक्षा सातमध्ये जास्त लोक गेले होते. तिने तो कागद मारिविकपुढे ठेवला.

“किती गेले ते सोड, आते,” मारिविक म्हणाली. आते म्हणजे तिच्या भाषेत ताई. “जायच्या आधी कसे झाले, ते लिहिलंय का यात?”

“कसे म्हणजे?”

“गोड. अकरामध्ये माणसं गोड होतात. सातमधला शिव्या देत मरतो. अकरामधला थँक्यू म्हणतो.”

“मग बरंच की.”

“बघ बाई,” मारिविक म्हणाली आणि कागद उलटा करून त्यावर कॉफीचा कप ठेवला.

तेव्हापासून अकरा नंबर कायमचा व्हर्नाकडे आला. तिची हरकत नव्हती. तिचं वय सेहेचाळीस, नोकरी बावीस वर्षांची, आणि खिडकी चांगली होती.

२

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात हार्लन पीकला अकरामध्ये हलवलं. त्याआधी तो सातमध्ये होता. तिथे त्याने शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याला लापशीचा वाडगा फेकून मारला. नेम चुकला, पण वॉर्डची प्रमुख ग्लेनिस म्हणाली की पुढचा चुकेलच असं नाही.

पीक एक्याऐंशी वर्षांचा. एकतीस वर्षं त्याने रेल्वेलगतचं धान्याचं कोठार सांभाळलं होतं, आणि गावात असा शेतकरी नव्हता ज्याच्याशी वजनावरून त्याचं वाजलं नव्हतं. आता त्याच्या किडन्या संपल्या होत्या. डायलिसिसच्या मशीनवर जायला त्याने नकार दिला होता. डॉक्टरांच्या हिशेबाने चार दिवस, ओढून ताणून सहा.

पहिले दोन दिवस तो होता तसा होता. दर पाच मिनिटांनी बेल.

“काय हवंय, मिस्टर पीक?”

“नर्स हवीय.”

“मी नर्सच आहे.”

“मग चांगली नर्स हवीय. ही कॉफी आहे की भांडी धुतलेलं पाणी?”

“भांडी धुतलेलं पाणी मशीनमध्ये संपलंय. म्हणून कॉफी आणली.”

तो तिच्याकडे बघून घशात काहीतरी खरखरवायचा. ते हसू असावं. व्हर्नाला तो आवडत होता. असे पेशंट लवकर जात नाहीत, ही वॉर्डातली आणखी एक समजूत. आणि ही मात्र तिलाही थोडीशी पटायची.

तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, सकाळपासून बेल वाजली नाही.

नऊ वाजता व्हर्ना आत गेली. पीक पलंगाच्या अगदी डाव्या कडेला, कठड्याला चिकटून, अंग चोरून झोपला होता. उजवीकडचा अर्धा पलंग रिकामा. तिने त्याला मधोमध घेतलं, दोन्ही बाजूंना उशा लावल्या.

“थँक्यू,” पीक म्हणाला.

व्हर्नाने त्याच्याकडे पाहिलं. चेहरा तोच होता. मिशा त्याच. डोळे मात्र कुणाच्या तरी घरी पाहुणा म्हणून आल्यासारखे, अदबीने एका जागी ठेवलेले.

अकरा वाजता तो पुन्हा डाव्या कडेला होता. उशा नीट एकावर एक रचून खुर्चीत ठेवलेल्या. त्याच्या हातात तेवढी ताकद नव्हती.

“मिस्टर पीक, पडाल असे.”

“तिला जागा पुरत नाही,” तो हळू आवाजात म्हणाला. “काही बोलत नाही बिचारी. पण समजतं ना आपल्याला.”

“कुणाला?”

शेजारी झोपलेल्याची झोप मोडू नये म्हणून माणूस जसा ओठांवर बोट ठेवतो, तसं त्याने ठेवलं.

किडन्या गेल्या की विष डोक्यात चढतं. व्हर्नाने तक्त्यावर ‘भ्रम’ असं लिहिलं. मग तिला आठवलं की नोव्हेंबरात याच खोलीत असलेली मिसेस टर्कॉट अशीच डाव्या कडेला झोपायची. त्याआधीचा तो उंच शिक्षकही. गादीलाच उतार असणार. तिने खाली फोन करून पलंग बदलून घेतला. नवा पलंग आला, पीकला त्यावर मधोमध ठेवलं, आणि ती जेवायला गेली. डब्यातले पिरोगी, बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, तिने उभ्यानेच खाल्ले आणि परत आली.

पीक डाव्या कडेला होता.

३

दुपारी त्याच्या मुलीचा फोन आला. लेनोर तिचं नाव. उत्तरेला यलोनाइफमध्ये राहायची. एडमंटनपर्यंत पोचली होती, पुढचं विमान बर्फामुळे रद्द झालं होतं. उद्या रस्ते उघडले की भाड्याची गाडी घेऊन निघणार होती.

“उद्या दुपारपर्यंत पोचेन. तोवर ते राहतील ना?”

अशा प्रश्नाला द्यायचं उत्तर व्हर्नाने बावीस वर्षं दिलं होतं: सांगता येत नाही, तुम्ही जपून या. तेच ती सांगणार होती. पण पलीकडची बाई म्हणाली, “आम्ही एकोणीस वर्षांत बोललेलो नाही. मला त्यांच्याशी एकदा भांडायचंय. नीट. शेवटपर्यंत.”

“राहतील,” व्हर्ना म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण शब्द दिलाय. पीकचा रक्तदाब सकाळपासून खाली खाली चालला होता. श्वासांमध्ये लांब खंड पडू लागले होते. उद्या दुपार फार लांब होती.

तीन वाजता, कॉरिडॉरमध्ये कुणी नाही असं बघून, तिने पीकच्या चादरीचा पायाकडचा उजवा कोपरा ओढून काढला आणि गाठ मारली. हात सवयीचे नव्हते. गाठ मोठी आणि वेडीवाकडी झाली. तिला स्वतःचीच लाज वाटली. कुणी पाहिलं असतं तर मारिविकने वर्षभर तिला जगू दिलं नसतं.

“थँक्यू,” पीक डोळे न उघडता म्हणाला.

४

बुधवारी सकाळी पीक होता. रक्तदाब चढला होता. रात्रीच्या नर्सने सांगितलं की त्याने एकदाही बेल वाजवली नाही, आणि ती आत गेली की प्रत्येक वेळी थँक्यू म्हणाला. सांगताना तिने व्हर्नाच्या नजरेला नजर दिली नाही.

व्हर्नाने पांघरूण पायाकडून वर केलं. तिची गाठ जागेवर होती. डाव्या कोपऱ्यालाही एक गाठ होती. लहान, घट्ट, हात बसलेल्या माणसाने मारल्यासारखी.

ती तडक मारिविककडे गेली.

“तू अकरामध्ये गेली होतीस?”

“वेड लागलंय का मला?”

“चादरीला गाठ आहे.”

“मग तू मारली असशील.” मारिविक हसायला लागली आणि व्हर्नाचा चेहरा बघून थांबली. “आते, खरंच मारलीस?”

“एक मारली. तिथे दोन आहेत.”

मारिविकने हातातला औषधांचा ट्रे खाली ठेवला. “हे बघ,” ती म्हणाली, “आपण ज्याच्यासाठी गाठ मारतो, ते आपल्याला माहीत असतं. दुसऱ्याची गाठ कुणासाठी आहे, ते कसं कळणार?”

दहा वाजता चादर बदलायची होती. व्हर्नाने दोन्ही गाठी तशाच ठेवून चादर काढली, धुण्याच्या पिशवीत टाकली, नवी घडी मोडून घातली. पीकला कुशीवर वळवताना तिचा हात गादीच्या रिकाम्या अर्ध्या भागावर टेकला. तो भाग गरम होता. तापाने असतो तसा नव्हे. बसमध्ये कुणी नुकतंच उठून गेलेल्या जागेवर बसावं, तसा.

सूर्य त्या बाजूने येत होता. खिडकीतून पलंगावर ऊन पडलं होतं. तिने हे स्वतःला दोनदा सांगितलं. मग पडदा ओढला आणि घड्याळ लावून वीस मिनिटांनी परत येऊन हात ठेवला.

गरम होता. आणि नव्या चादरीला पायाकडे चार गाठी होत्या.

खोलीत आवाज कसलाच नव्हता. हीटरची घरघर, पीकचा श्वास. व्हर्ना दारात उभी राहून ऐकत राहिली. पीक श्वास घ्यायचा, सोडायचा, मग खंड. त्या खंडात खोली गप्प असायला हवी होती. ती पूर्ण गप्प नव्हती.

५

लेनोर दीड वाजता पोचली. पन्नाशीची, उंच, बापाचंच नाक. बुटांवरचा बर्फ न झटकता ती सरळ आत गेली. व्हर्ना दाराशी थांबली.

“बाबा. मी लेनोर.”

पीकने डोळे उघडले. “अरे वा,” तो म्हणाला. “किती लांबून आलात. थँक्यू.”

लेनोर थबकली. “बाबा?”

“बसा ना. खुर्चीत बसा. पलंगावर नको, त्यांना अडचण होईल.”

“कोणाला?”

पीक फक्त हसला. त्या हसण्यात काही खोट नव्हती. कुणाचंही असू शकेल असं ते हसू होतं.

दहा मिनिटांनी लेनोर बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. ती रडत नव्हती. बुटांवरचा बर्फ तिने आत्ता जमिनीवर आपटून झाडला.

“हा कोण आहे?” तिने विचारलं. “माझ्या बापाने जन्मात कुणाला थँक्यू म्हटलेलं नाही. माझ्या आईच्या मयतीला लोक आले, त्यांनाही नाही. मी सहाशे किलोमीटर बर्फातून या माणसाला भेटायला आले नाही.”

“आजाराने असं होतं,” व्हर्ना म्हणाली.

“होतं?”

व्हर्नाच्या जिभेवर ‘हो’ होतं. किडन्या, विष, भ्रम. सगळं तक्त्यावर लिहिलेलं होतं, तिच्याच अक्षरात.

“इतर खोल्यांत नाही होत,” ती म्हणाली.

६

चार नंबर सकाळीच रिकामी झाली होती, तिथला पलंगही धुवायला खाली गेला होता. ग्लेनिसला विचारायचं तर तिला कारण सांगावं लागलं असतं, म्हणून व्हर्नाने विचारलं नाही. मारिविकला मात्र सांगितलं. मारिविकने मान हलवली, गळ्यातला क्रूस कपड्याच्या आतून बाहेर काढला आणि म्हणाली, “मी दाराबाहेरून ओढीन. आत यायला सांगू नकोस.”

व्हर्नाने चाकांचे खटके वर केले. पलंग हलला नाही. तिने खटके पुन्हा तपासले. चारही उघडे होते. लेनोर डोक्याकडून ढकलत होती, मारिविक उंबऱ्याबाहेरून ओढत होती. पलंग तसूभर सरकला आणि जागेवर परत आला.

“राहू द्या,” पीक समजुतीच्या सुरात म्हणाला. “आम्ही इथे बरे आहोत.”

व्हर्ना पायाकडे वाकली. गाठी आता सात झाल्या होत्या. तिने मोजल्या नसत्या तर बरं झालं असतं. तिची स्वतःची आदल्या दिवशीची गाठ तर धुण्यात गेली होती, तरी ती इथेही होती. तोच वेडावाकडा पीळ. ती सहज सुटली. बाकीच्यांना तिने नखं लावली, मग कात्री लावली. एकेक गाठ सुटताना पीकचा श्वास बदलत गेला, जड होत गेला, कडवट होत गेला.

सातवी सुटली आणि पलंग धक्क्याने पुढे गेला. चाकं उंबऱ्यावरून उतरली. मग पुन्हा अडला.

चादर अडकली होती. उजव्या बाजूने तिचं टोक पलंगाबाहेर मागे ताणलं गेलं होतं, गुडघ्याएवढ्या उंचीवर. व्हर्ना ते सोडवायला मागे वळली. तिथे अडकण्यासारखं काही नव्हतं. ना खुर्ची, ना हीटर, ना खिळा. चादरीचं टोक हवेत होतं. कापड मुठीत धरल्यासारखं गोळा झालं होतं, चार बोटांच्या चार चुण्या पडलेल्या. मूठ नव्हती.

लेनोर आणि मारिविक यांची तोंडं कॉरिडॉरकडे होती. त्यांनी पाहिलं नाही.

व्हर्ना ओरडली नाही. का, ते तिला नंतरही सांगता आलं नाही. हट्टी पेशंटांशी बोलायचा तिचा एक ठरलेला सूर होता, तोच आपोआप आला.

“सोडा बरं आता,” ती म्हणाली.

चुण्या एकेक करून उलगडल्या. करंगळीची आधी. चादर खाली पडली.

७

कॉरिडॉरच्या मध्यावर पोचेपर्यंत पीक गप्प होता. मग त्याने डोळे उघडून छताचे दिवे पाहिले.

“अरे, कुठे नेताय मला, गाढवांनो?”

मारिविक हसली, मग तोंडावर हात ठेवून रडायला लागली. लेनोर पलंगाचा कठडा धरून चालत होती. तिने तो सोडला नाही.

चार नंबरमध्ये त्याने आधी उशीवर तोंडसुख घेतलं, मग खिडकीवर. मग मुलीकडे बघितलं.

“केस का कापलेस?”

“अठरा वर्षं झाली कापून.”

“तरी सांगतो. वाईट दिसतात.” दम लागून तो थांबला. “तू माझा ट्रक नेलास. निळा.”

“परत पाठवला होता, बाबा.”

“क्लच जाळून पाठवलास. पत्र नाही, चिठ्ठी नाही. नुसता ट्रक. त्यात पेट्रोलही नाही.”

“तुम्हीच म्हणालात, पुन्हा तोंड दाखवू नकोस.”

“म्हणालो. मग? मी काय रोज खरं बोलतो? कोठाराच्या वरच्या मजल्यावरून उत्तरेचा रस्ता आठ मैल दिसतो. खाली गाड्या खोळंबलेल्या, शेतकरी शिव्या घालतायत, आणि मी वर उभा.” त्याने खोकून घेतलं. “माझी वजनं चुकायची ती त्यामुळे. लोकांना वाटलं, मी चोर आहे.”

लेनोर पलंगावर, त्याच्या शेजारीच बसली. त्याने तिला ‘सरक जरा, माझा पाय चेंगरतेस’ म्हणून दटावलं, आणि ती सरकली नाही. पुढचे दोन तास दोघं भांडत होते. व्हर्ना दोनदा आत डोकावली आणि दोन्ही वेळा त्याने तिला हाकलून दिलं. चार वाजून वीस मिनिटांनी, कॉफीविषयी काहीतरी म्हणता म्हणता, वाक्य अर्धं टाकून तो गेला.

लेनोरने निघताना व्हर्नाचा हात बराच वेळ धरून ठेवला. थँक्यू म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि मग म्हणाली नाही.

८

ग्लेनिस सव्वापाचला आली. हातात कागद, कानात फोन.

“पीकला चारमध्ये का नेलंस?”

“अकराचा हीटर बिघडलाय,” व्हर्ना म्हणाली.

“मग मला सांगायचं ना. सहा वाजता खालून एक आजी येतायत, खुब्याचं हाड मोडलेल्या. गोड आहेत अगदी. त्यांना मी अकरा देणार होते.”

“देऊ नकोस.”

“हीटर तर आत्ता बघून घेऊ की. ऑर्व्हिल याच मजल्यावर आहे.”

ऑर्व्हिल दुरुस्ती खात्यातला. साठीचा, ठेंगणा, कमी बोलणारा माणूस. पेशंट, नर्सेस, समजुती यांच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. हीटर, नळ आणि दिवे एवढंच त्याचं हॉस्पिटल. त्याला अकरामध्ये हीटरपेक्षा जास्त काही दिसायचं कारण नव्हतं. व्हर्नाने त्याला अडवलं नाही. अडवायला शब्द हवे होते, आणि तिच्याजवळ होते ते सगळे वेडगळ होते. ती कॉरिडॉरमध्ये उभी राहिली. तो हत्यारांची पेटी घेऊन आत गेला, दार मागे लोटलं गेलं.

पाच मिनिटं गेली. आतून ठोकल्याचा, फिरवल्याचा, कसलाच आवाज आला नाही. व्हर्नाने दारावर हात ठेवला आणि काढून घेतला.

मग दार अगदी हळू उघडलं. ऑर्व्हिल चवड्यांवर चालत बाहेर आला. पेटी त्याने दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती, आतली हत्यारं वाजू नयेत म्हणून. दार लावताना त्याने मूठ फिरवून धरली आणि खटका न वाजवता सोडली.

“हीटर ठीक दिसतोय,” तो कुजबुजला. “पण उघडून नाही बघितला. त्या बाई झोपल्यात. उद्या येतो.”

ग्लेनिसने कागदावरून मान वर केली. व्हर्नाला आपला आवाज दुरून आल्यासारखा ऐकू आला.

“झोपल्यात? कशावर, ऑर्व्हिल?”

“म्हणजे काय? पलंगा—” तो म्हणाला आणि थांबला.

त्याने चार नंबरच्या उघड्या दारातून दिसणारा, अकरातून तिथे नेलेला पलंग पाहिला. मग अकराचं बंद दार. त्याच्या ओठांची हालचाल झाली, जणू तो आतलं सगळं एकदा पुन्हा मांडून बघत होता: खिडकी, हीटर, जमीन. मग त्याने पेटी खाली ठेवली, गुडघ्यावर बसला, तिच्यातला सगळ्यात मोठा स्क्रू शोधून काढला आणि कुणी काही सांगायच्या आत अकराच्या दाराला, चौकटीतून आरपार, तो बसवायला घेतला.

ग्लेनिस त्याला थांबवेल असं व्हर्नाला वाटलं. पण ग्लेनिस दाराकडे बघत नव्हती. ती कान देऊन ऐकत होती, आणि तिने फोन बंद केला होता.

“दोन लाव,” ती म्हणाली.